फ्लॉरेन्सला राहिलेला छत्रपती

नोव्हेंबर १८७० संपत आला तेव्हा फ्लॉरेन्स शहर दुसऱ्याच एका राजाच्या गडबडीत होतं. हे शहर त्या वेळी इटलीची राजधानी. स्पेनची गादी दोन वर्षं रिकामी पडली होती, माद्रिदच्या संसदेनं इटलीच्या राजाचा धाकटा मुलगा आमेदेओ याला पसंत केलं होतं, आणि ४ डिसेंबरला स्पेनचं शिष्टमंडळ त्याच्यापुढे रीतसर मुकुट ठेवणार होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी इटलीच्या नव्या संसदेचं उद्घाटन. दोनच महिन्यांपूर्वी इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या होत्या, तेव्हा आज ना उद्या राजधानीही तिकडे हलणार हे सगळ्यांना दिसत होतं.

राजधानीच्या डोक्यावर एवढी कामं असताना ३० नोव्हेंबरला आर्नो नदीच्या उजव्या काठावरच्या ‘होतेल देला पाचे’मध्ये कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज वारले. वय वर्षं वीस, एकविसावं चालू. जवळ एक इंग्रज अधिकारी, एक हकीम आणि घरून आणलेली माणसं : मानकरी, ब्राह्मण, हुजरे, आचारी. शोक करायला पुढे समुद्रावरचे कितीतरी दिवस होते. आता लाकडं हवी होती, जागा हवी होती आणि सरकारी परवानगी हवी होती. ज्या देशात माणूस मेला की पुरायचा, दुसरा काही विचारच नाही, तिथं कॅथलिकांच्या शहरात, पोपचं राज्य नुकतंच हिसकावून घेतलेल्या सरकारकडून चितेची परवानगी मिळवायची होती. आणि तीही रात्र उलटायच्या आत.

हा मुलगा जन्मानं राजा नव्हता. पाटणकरांच्या घरातला नागोजीराव. कोल्हापूरचे शिवाजी महाराज, ज्यांना लोक बाबासाहेब म्हणत, १८६६ साली निपुत्रिक वारले. त्यांनी जाण्यापूर्वी बहिणीचा हा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचं नाव राजाराम ठेवलं. राजारामाचं वय सोळाच्या आसपास. म्हणजे कारभार पोलिटिकल एजंटाकडे आणि महाराज अभ्यासाला. जमशेटजी उनवाला हे पारशी गृहस्थ त्यांचे शिक्षक. इंग्रजी, इतिहास, भूगोल, घोड्यावर बसणं, पाहुण्यांशी चार शब्द बोलणं, असं सगळं त्यात आलं. इंग्रजांना संस्थानिक कसा हवा होता त्याचा हा नमुना तयार होत होता. मुलगाही हुशार होता, शिकवलेलं मनापासून शिकत होता.

त्या शिक्षणातला शेवटचा धडा म्हणजे विलायतेचा प्रवास. गादीवर असलेल्या हिंदू राजानं समुद्र ओलांडायचा ही १८७० साली लहान गोष्ट नव्हती. एकदा काळ्या पाण्यापलीकडे गेलेल्याची पंगत कोणती, प्रायश्चित्त कोणतं, यावर पुढची तीस-चाळीस वर्षं महाराष्ट्रात भांडणं झाली. राजाराम महाराजांनी ही जोखीम उचलली आणि सोबत आपला मुदपाकही नेला. मे महिन्यात स्वारी निघाली. कोल्हापूरला रेल्वे यायला अजून वीस वर्षांवर अवकाश होता, त्यामुळे पुण्यापर्यंत घाटरस्ता, पुढे मुंबई आणि बोट. बरोबर असिस्टंट पोलिटिकल एजंट कॅप्टन एडवर्ड वेस्ट.

इंग्लंडात असताना महाराज इंग्रजीत रोजनिशी लिहीत. ती त्यांच्यामागे वेस्टनं संपादित केली आणि १८७२ साली लंडनच्या स्मिथ, एल्डर या प्रकाशकांनी छापली. तिच्यात मोठी दृष्टी वगैरे शोधू नये. आज अमुक पाहिलं, अमुक साहेबांकडे जेवायला गेलो, संसदेत बसलो, नाटक पाहिलं, बॉलनाच पाहिला. मास्तरांच्या नजरेखालून जाणार हे ठाऊक असलेल्या मुलाची वही आहे ती. तरी तिच्यातून एक उत्सुक, सभ्य, थोडा बुजरा तरुण दिसत राहतो. व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. दादाभाई नौरोजींशी गाठ पडली. दुलीपसिंगांकडेही जाणं झालं.

या शेवटच्या भेटीपाशी मी थांबतो. पंजाबचं राज्य गेलेला, लहानपणीच ख्रिस्ती झालेला, इंग्लंडात जमीनदारासारखा राहणारा दुलीपसिंग आणि राज्य असून कारभार हातात नसलेला कोल्हापूरचा छत्रपती. दुलीपसिंगाची आई, राणी जिंदाँ, सात वर्षांपूर्वी, १८६३ साली, लंडनमध्ये वारली होती. इंग्लंडात दहन होत नसे. तिचं शव केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत महिनोन् महिने ठेवावं लागलं, आणि मुलाला ते हिंदुस्थानात आणायची परवानगी मिळाली तीही पंजाबात पाऊल न टाकण्याच्या बोलीवर. रणजितसिंगाच्या राणीची समाधी म्हणून आपल्या नाशकात, गोदाकाठी झाली. त्याआधीचे दोघे तर परतलेच नाहीत. राममोहन रॉय ब्रिस्टलला १८३३ साली वारले, तिथंच पुरले गेले. द्वारकानाथ टागोर १८४६ साली लंडनला वारले, केन्सल ग्रीनमध्येच पुरले गेले. थोर हिंदू माणूस युरोपात वारला तर त्याचं काय करायचं, याचं १८७० सालापर्यंतचं उत्तर हे असं होतं : जमिनीत ठेवा, नाहीतर पेटीत घालून परत न्या.

महाराज परत निघाले तेव्हा युरोपात युद्ध पेटलं होतं. जुलैत फ्रान्स आणि प्रशिया भिडले, सप्टेंबरच्या सुरुवातीला फ्रान्सचा बादशहा सेडानला कैद झाला, त्याच महिन्यात पॅरिसला वेढा पडला. नेहमीचा पॅरिस-मार्सेलचा रस्ता म्हणून बाद. बेल्जियम, मग जर्मनीतून दक्षिणेकडे, आल्प्स ओलांडून इटली आणि तिथून बोट, असा वळसा ठरला. या वळशात टिरोलमधलं इन्सब्रुक आलं आणि इन्सब्रुकमध्ये ऐन थंडी गाठली. पन्हाळ्याची थंडी हीच ज्याच्या अंगाला ठाऊक असलेली कडाक्याची थंडी, त्याला आल्प्सच्या पायथ्याशी संधिवातानं धरलं. पाय आखडले, मग पायांतलं बळ गेलं. उचलून न्यावं लागू लागलं. ब्रेनर घाटातून रेल्वे तीन वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. दुखणेकऱ्याला मजल दरमजल करत त्याच वाटेनं इटलीत आणलं गेलं. फ्लॉरेन्सची हवा मऊ, शहरात इंग्रजांची जुनी वसाहत, त्यांचे डॉक्टर, वकिलात. तिथं थोडं बरं वाटलं की बोट पकडायची, असा बेत.

या दुखण्याची हकीकत आपल्याला कळते ती वेस्टकडून, आणि त्याच्या सांगण्यात एक सल आहे. महाराज युरोपी डॉक्टरांचं औषध घ्यायला तयार नव्हते, त्यांचा भरवसा सोबतच्या मुसलमान हकिमावर होता. इंग्रज डॉक्टरांना हात लावायला मिळाला तो उशिरा. वाचणाऱ्याच्या मनात आपसूक वाक्य तयार होतं : वेळेवर डॉक्टर मिळाला असता तर मुलगा वाचला असता. दीडशे वर्षं ही कथा अशीच सांगितली गेली आहे, आणि मला ती पटत नाही. १८७० सालच्या युरोपी डॉक्टराकडे तीव्र संधिवातावर होतं काय? क्षार, अफू, फोड आणणारे लेप आणि गरम फ्लॅनेलच्या पट्ट्या. विलोच्या सालीतून काढलेल्या सॅलिसिनचा गुण स्कॉटलंडमधल्या डॉक्टर मॅक्लेगननं प्रसिद्ध केला तो १८७६ साली, त्याच वर्षी बर्लिनहून सॅलिसिलिक आम्लाची बातमी आली. ॲस्पिरिन तर त्याहून तेवीस वर्षांनी. हकीम काही करू शकला नाही हे खरंच. पण खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्यांच्या पेटीतही फारसं काही नव्हतं. फरक होता तो इतकाच की त्यांच्यातला एकजण नंतर पुस्तक छापणार होता.

वेस्टवर राग काढण्याचं कारण नाही. तो या मुलावर माया करत असावा असं त्याच्या लिहिण्यावरून वाटतं. शिवाय त्याच्यावर मुंबई सरकारची जबाबदारी होती : संस्थानचा धनी सुखरूप परत आणायचा. परदेशात, कागदपत्रं आपल्या नावावर, दुखणेकरी आपलं ऐकत नाही आणि भोवतीची माणसं आपसांत मराठीत बोलतायत. त्याची रात्र कशी गेली असेल हेही समजतं. पण एक गोष्ट त्याच्या हकिकतीतूनच निघते. संसदेत कुठं बसायचं, कुणाकडे जेवायला जायचं, कोणत्या रस्त्यानं परतायचं, हे सगळं ज्याच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवलं त्या तरुणानं आपल्या अंगाला कुणाचं औषध लागावं हे मात्र स्वतः ठरवलं. कारभार हाती नसलेल्या राजाचा हा शेवटचा हुकूम, आणि तो पाळला गेला.

दुसरा हुकूम त्यानं द्यायची गरज नव्हती. तो धर्माचाच होता. देह अग्नीला द्यायचा, वाहत्या पाण्याकाठी, शिळा होऊ न देता.

इटलीच्या दरबारी इंग्लंडचे वकील होते सर ऑगस्टस पॅजेट, शहराचे महापौर उबाल्दिनो पेरुत्सी. विनंती वकिलातीतून सरकारकडे आणि नगरपालिकेकडे गेली. कायद्यात अशा गोष्टीला जागाच नव्हती, म्हणजे मनाईचं कलम दाखवून कुणी अडवणार नव्हतं, आणि परवानगीचं कलम दाखवून कुणी सोडणारही नव्हतं. शेवटी अधिकाऱ्यांनी वाट काढली. दहन होईल, पण रात्री, आणि शहरापासून जितकं दूर नेता येईल तितकं दूर.

फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला आर्नोच्या काठानं ‘कास्चीने’ नावाची बाग आहे. एके काळी मेदिची घराण्याची दुभत्या गुरांची शेतवाडी, मग श्रीमंतांनी बग्गीतून हवा खायची जागा. लांबट, नदीला चिकटलेली, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. तिच्या अगदी शेपटाला मुन्योने नावाचा ओढा येऊन आर्नोला मिळतो. परक्या शहरात, परक्या अधिकाऱ्यांनी, लोकांना त्रास नको म्हणून दाखवलेली जागा नेमकी संगमाची निघाली. कोल्हापूरच्या माणसांना यापेक्षा वेगळी जागा मागायचीच नसती. त्यांची पंचगंगा मुळात संगमातून जन्मलेली : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीला एकत्र येतात आणि डोळ्यांना न दिसणारी सरस्वती पाचवी धरतात. छत्रपतींच्या घराण्याच्या समाध्या तिच्याच काठावर.

मध्यरात्रीनंतर शव हॉटेलातून निघालं. रथ नाही, नौबत नाही, निशाणाचा हत्ती नाही. साधी घोडागाडी. अंगावर भरजरी पोशाख, डोक्याला पागोटं, गळ्यात मोती. वृत्तपत्रांतल्या वर्णनांनी या दागिन्यांवर बऱ्याच ओळी खर्च केल्या आहेत, चिता रचणाऱ्या माणसांवर फार थोड्या. डिसेंबरची रात्र असूनही गर्दी जमली. कुठून कळलं कोण जाणे, पण ‘हिंदी राजाला जाळणार’ ही बातमी कुठल्याही शहरात लपली नसती. लाकडं रचली गेली, तूप, कापूर, सुगंधी द्रव्यं पडली, ब्राह्मणांनी मंत्र म्हटले, अग्नी दिला गेला. इटालियन बघे, इंग्रज साहेब आणि मधोमध करवीरची चार माणसं आपलं काम करतायत.

मंत्र कोणते म्हटले गेले असतील, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. पुढे एकोणतीस वर्षांनी याच गादीवरच्या राजाला पंचगंगेच्या स्नानाच्या वेळी कानावर आलं की आपल्यासाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जातात, वेदोक्त नाहीत. आणि त्यातून अख्खा महाराष्ट्र ढवळून निघाला. आर्नोकाठी त्या रात्री हा वाद काढायची कुणाला सवड नव्हती.

चिता सकाळपर्यंत जळली. राखेतला काही भाग नदीत सोडला, उरलेल्या अस्थी एका कलशात बंद होऊन गंगेसाठी हिंदुस्थानच्या वाटेला लागल्या. फ्लॉरेन्स पुन्हा स्पेनच्या राजाकडे वळलं. आमेदेओनं ४ तारखेला मुकुट स्वीकारला. दोन वर्षं आणि काही महिने राज्य करून तो कंटाळला आणि गादी सोडून घरी आला.

युरोपातल्या एका छोट्या वर्तुळाला मात्र ही रात्र विसरता आली नाही. मुडदे पुरल्यानं शहरांचं पाणी आणि हवा नासते, त्यापेक्षा दहन बरं, असं म्हणणारे डॉक्टर आणि सुधारक तिकडे डोकं वर काढत होते. इटलीच्याच किनाऱ्यावर, व्हियारेज्जोजवळ, १८२२ साली बुडून मेलेल्या शेली कवीला जाळलं होतं, पण ते साथीच्या कायद्याच्या धाकानं. पूर्ण विधीनिशी, सरकारच्या संमतीनं, राजधानीच्या बागेत झालेलं दहन ही वेगळी गोष्ट होती. १८७४ साली लंडनमध्ये दहनाची संस्था निघाली. १८७६च्या जानेवारीत मिलानमध्ये आल्बेर्तो केलर या व्यापाऱ्याचा देह खास बांधलेल्या दाहगृहात जाळला गेला. रोमच्या धर्मपीठानं १८८६ साली कॅथलिकांना याची बंदी केली, ती उठायला १९६३ उजाडलं. कोल्हापूरच्या महाराजांमुळे हे सगळं घडलं असं म्हणणं म्हणजे अतिशयोक्ती. पण वाद घालणाऱ्यांच्या हाती एक ताजं उदाहरण आलं होतं, आणि ते त्यांनी वापरलं.

त्या संगमावर १८७४ साली छत्री उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मांट या इंजिनिअरचा, छत्रीखालचा अर्धपुतळा फ्लॉरेन्सला राहणाऱ्या चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. कोल्हापूरकरांना मांट अनोळखी नाही. टाउन हॉल त्याचा, नवा राजवाडा त्याचा, सीपीआर रुग्णालयाची जुनी इमारत त्याची. पण कोल्हापुरातला राजवाडा पुरा होण्याच्या दहा वर्षं आधी त्यानं घडवलेली कोल्हापूरची छत्री इटलीत उभी होती. पुतळा रंगीत आहे. गोरापान संगमरवर बघायची सवय असलेल्या शहरात हा सावळ्या रंगाचा, पागोट्यातला, मोत्यांच्या माळा घातलेला तरुण बसवला गेला, आणि फ्लॉरेन्सकरांनी त्याला नावानं नाही, ‘इंडियानो’ म्हणूनच ओळखलं. नंतर ती जागाच इंडियानो झाली. १९७८ साली तिथून आर्नोवर तारांनी तोललेला मोठा पूल झाला, त्याचं नाव ‘पोन्ते आल्लिंदियानो’. आज शहराबाहेर पडणाऱ्या मोटारी रोज त्यावरून जातात. वाहतुकीच्या बातम्यांत इंडियानोवर कोंडी झाल्याचं सांगतात, तेव्हा आपण एका मराठी राजाचं नाव घेतोय हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असेलच असं नाही.

आपल्याकडे या मृत्यूची गोष्ट बहुधा इथंच संपते : परदेशातली छत्री, पूल, अभिमान. ‘साता समुद्रापार मराठी राजाचं स्मारक’ असा मथळा दर दोन-चार वर्षांनी येतो. या मथळ्यांचा मला थोडा कंटाळा आहे. कारण १८७०च्या त्या रात्रीचा परिणाम फ्लॉरेन्सपेक्षा कोल्हापूरवर कितीतरी मोठा झाला, आणि तो अभिमानानं सांगण्यासारखा नाही.

त्या वर्षीच मुंबई समुद्राखालच्या तारेनं विलायतेशी जोडली गेली होती, त्यामुळे महाराज गेल्याची बातमी बोटीच्या किती तरी आधी पोचणार होती. गादी पुन्हा रिकामी. राजारामांना मुलगा नव्हता. चार वर्षांत दुसऱ्यांदा दत्तक शोधायचा होता आणि संमती पुन्हा इंग्रजांची. १८७१ साली सावंतवाडीकडच्या भोसल्यांच्या घरातलं एक लहान मूल आणलं गेलं, नाव शिवाजी. म्हणजे पुन्हा लहान राजा, पुन्हा एजंट, पुन्हा कारभारी. हा मुलगा मोठा होत असताना त्याला वेड लागल्याचं सांगण्यात आलं. त्याला मुद्दाम छळलं जातंय असं पुण्यातल्या नव्या वर्तमानपत्रांनी लिहिलं. दिवाण माधवराव बर्वे कोर्टात गेले आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. ‘केसरी’ अवघ्या दीड वर्षाचा होता. टिळकांच्या चरित्रातलं हे पहिलं तुरुंगपर्व ज्या रिकाम्या गादीतून उगवलं, ती गादी फ्लॉरेन्सला रिकामी झाली होती.

तो शिवाजी १८८३ सालच्या नाताळाच्या दिवशी अहमदनगरच्या किल्ल्यात मेला. त्याला तिथं ठेवलेलं होतं, देखरेखीवरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात जीव गेला. राजाराम वारले तेव्हा निदान जवळचा अधिकारी त्यांच्यासाठी परवानग्या मिळवत रात्रभर धावला होता. नगरला राजा आणि शिपाई यांच्यात भिंतीसुद्धा सरकारच्याच होत्या.

आणि याआधी, १८६९ साली, याच घराण्यातले चिमासाहेब कराचीत वारले होते. सत्तावनच्या बंडात हात असल्याच्या संशयावरून सरकारनं त्यांना बोटीत घालून तिकडे नेऊन ठेवलं होतं, ते परतले नाहीत. कराची, फ्लॉरेन्स, अहमदनगर. पंधरा वर्षांच्या आत कोल्हापूरच्या छत्रपती घराण्यातले तीन पुरुष पंचगंगेपासून दूर गेले, तिघांच्याही चितेच्या वेळी इंग्रज अंमलदारांचा शब्द चालला. यांत फक्त फ्लॉरेन्सचा राजा आपणहून घराबाहेर पडला होता. त्याचं मरण अपघाताचं, बाकीच्या दोघांचं राजकारणाचं. तरी तिन्ही एका रांगेत ठेवून पाहिल्याशिवाय कोल्हापूरनं त्या काळात काय सोसलं ते दिसत नाही.

राजवाड्यात उरल्या त्या बायका. एकामागून एक विधवा झालेल्या राण्या, त्यांची खासगी, त्यांचे हेवेदावे आणि दर खेपेला नव्यानं मांडलेला दत्तकाचा पट. नगरच्या प्रकरणानंतर त्यांतल्या आनंदीबाईंच्या मांडीवर दत्तक बसवायचं ठरलं तेव्हा शोध कागलच्या घाटग्यांपर्यंत गेला. तिथला थोरला मुलगा यशवंतराव दहाव्या वर्षात होता. कास्चीनेच्या टोकाला मांटची छत्री उभी राहिली त्याच वर्षी, १८७४च्या जूनमध्ये, त्याचा जन्म झालेला. १७ मार्च १८८४ला दत्तकविधान झालं आणि त्याचं नाव शाहू ठेवलं. इंग्रज एजंटानं याही मुलासाठी शिक्षक नेमले, वह्या दिल्या, घोड्यावर बसायला शिकवलं. या खेपेचा विद्यार्थी मात्र पुढे आपल्या मनाचा निघाला.